होल्डन साहेबांचे मत

ब्रिटनमधल्या पोटनिवडणुकांच्या बातम्या मी कोल्हापूरच्या एका दैनिकात अकरा वर्षे लावल्या. टेलिप्रिंटरवर इंग्रजी मजकूर यायचा, मी त्याच्या सहा ओळी करायचो आणि वर 'हुजूर पक्षाला धक्का' असे शीर्षक द्यायचो. धक्का मजूर पक्षाला बसला असेल तर एक शब्द बदलायचा. या अकरा वर्षांत मी एकही ब्रिटिश मतदार पाहिला नव्हता. पहिला पाहिला तो बहारीनमध्ये. तो हमूर नावाचा मासा खात होता आणि आपल्या मताची त्याला फारशी काळजी दिसत नव्हती. ती काळजी त्याचा रत्नागिरीचा स्टोअरकीपर करत होता.

उम्म अल हस्सम

माझी थोरली बहीण, सुधाताई, लग्न झाल्यापासून बहारीनच्या राजधानीच्या, मनामाच्या, या भागात राहते. लिमये भाऊजी जहाजांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीत हिशेबनीस आहेत. नव्वदच्या दशकातले ते चौथे की पाचवे वर्ष, महिना मे. मी दहा दिवसांची रजा काढून गेलो होतो.

पहिली सकाळ शुक्रवारची. कळले ते असे. नळाचे पाणी खारट असते आणि पिण्याचे 'गोड पाणी' टाकीवाल्याकडून वेगळे घ्यावे लागते. बाजारात चनाद म्हणून जो मासा मिळतो ती आपली सुरमई. भाचीला मराठी सगळे समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. ताई मराठीत रागावते, ती इंग्रजीत माफी मागते, आणि दोघींना त्यात काही वावगे वाटत नाही. सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी लोक निमूटपणे कामावर जातात.

त्याच शुक्रवारी भाऊजींनी घराजवळच्या हॉटेलात जेवायला दोघांना बोलावले होते. एक त्यांचे वर्कशॉपप्रमुख, मिस्टर होल्डन. वय पन्नाशीच्या पुढे, मान उन्हाने विटेसारखी लाल, बोलणे कमी. दुसरे इब्राहिमभाई परकार, संगमेश्वर तालुक्यातले, सतरा वर्षे त्याच कंपनीत स्टोअरकीपर. त्यांनी माझी ओळख होताच विचारले, "पेपरवाले, तुमच्या पेपरात आमच्या साहेबांची निवडणूक येणार ना?"

साहेबांची निवडणूक म्हणजे होल्डन ज्या गावचे, तिथल्या मतदारसंघाची पोटनिवडणूक. उत्तर इंग्लंडमधले एक जुने गिरणगाव. नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात एका मताची गुप्तता राहत नाही. तिथले खासदार वारले होते. जागा हुजूर पक्षाची, मतदान पुढच्या गुरुवारी.

परदेशी राहणाऱ्या ब्रिटिश माणसाला त्या काळी मत टपालाने बहारीनला मागवता येत नसे. गावातल्या कोणाला तरी प्रतिनिधी नेमायचे आणि त्याने केंद्रावर जाऊन आपले मत द्यायचे, अशी पद्धत होती. होल्डन यांचे मत इतकी वर्षे त्यांची आई देत असे. ती हिवाळ्यात गेली. बहीण दक्षिणेला, लांब. गावात विश्वासाचे कोणी उरले नव्हते. तेव्हा इब्राहिमभाईंनी सांगितले की आपला धाकटा भाऊ युनूस त्याच गावात राहतो, बस चालवतो, आणि भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून तिथे मतदार आहे. होल्डन यांनी अर्ज भरला. अर्जावर फक्त प्रतिनिधीचे नाव असते; मत कोणाला द्यायचे ते त्यांनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिले, खाली सही केली आणि लिफाफा चिकटवून इब्राहिमभाईंकडे दिला. इब्राहिमभाईंनी तो टपालात टाकला नाही. आखातातून कोणतीही मोलाची वस्तू जाते तसा तो सुट्टीवर इंग्लंडला निघालेल्या एका फिटरच्या बॅगेतून गेला. युनूसच्या हातात द्यायचा, दुसऱ्या कोणाच्या नाही, असे त्या फिटरला तीनदा बजावले होते.

आईने इतकी वर्षे त्यांचे मत कोणाला दिले, हे मी होल्डन यांना विचारले. त्यांनी माशाचा काटा बाजूला काढला आणि म्हणाले, "मी तिला हुजूर पक्ष सांगायचो. तिनं कोणाला दिलं ते विचारणं बरं दिसलं नसतं."

इब्राहिमभाई हसले नाहीत.

मनामा

ते का हसले नाहीत ते मला रविवारी संध्याकाळी कळले. मनामाच्या जुन्या बाजारात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत इब्राहिमभाई दोन गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहतात. बायको, मुले गावी. त्यांनी नारळाच्या रसात चनाद शिजवला होता. कोकम गावचे, पीठ गावचे, भाकरी त्यांच्या हातची. आमच्याकडे कोल्हापुरात मासा हा पाहुणा असतो, रोजचा नव्हे, त्यामुळे मी किती खाल्ला ते इथे सांगत नाही.

जेवताना त्यांनी युनूसची गोष्ट सांगितली. बहारीनला आल्यावर पहिल्या वर्षीच्या पगारातून त्यांनी मामांसाठी टेपरेकॉर्डर पाठवला होता. मुंबईत उतरवून घ्यायचा आणि संगमेश्वरला मामांना नेऊन द्यायचा, एवढेच काम युनूसकडे होते. युनूसने तो मामांच्या शेजाऱ्याला दिला. विचारले तर म्हणाला, मामांना ऐकू येत नाही, शेजाऱ्याला येते.

"माणूस वाईट नाय," इब्राहिमभाई म्हणाले. "पण डोकं चालवतो."

त्यानंतर सोळा वर्षे त्यांनी युनूसच्या हातून काहीही पाठवले नव्हते. घरी बोलणे व्हायचे, ईदला फोन व्हायचा, पण वस्तू नाही. प्रत्येक फोनवर टेपरेकॉर्डरचा विषय मात्र निघायचा, आणि तो इब्राहिमभाईच काढायचे. आता त्याच्याकडे साहेबांचे मत गेले होते. त्यात अडचण अशी की युनूस स्वतः मजूर पक्षाचा. नुसता मतदार नव्हे. संध्याकाळी बस लावून तो घरोघर पत्रके वाटत फिरत होता. हुजूर पक्षाला मत द्यायची चिठ्ठी त्याच्या खिशात होती. इब्राहिमभाईंनी साहेबांना शब्द दिला होता, आणि मतपेटीत काय पडले ते कोणाला कधी दिसणार नव्हते.

तिथे बोटाला शाई लावत नाहीत आणि शिक्काही नसतो, दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारतात, हे मी माझ्या व्यवसायातले ज्ञान म्हणून सांगितले. इब्राहिमभाईंचा घास हातात राहिला. पेन्सिल तर खोडता येते, असे ते म्हणाले, आणि मी हे सांगायला नको होते असे मला वाटले.

निघताना त्यांनी माझ्याकडे एक खोके दिले. अजान देणारे भिंतीवरचे घड्याळ, गावी आईसाठी. आमच्या रत्नागिरीच्या वार्ताहरामार्फत मी ते पोहोचवायचे होते. सोमवारी दुपारी भाऊजी वामकुक्षी घेत असताना ते माझ्या बॅगेतून, बॅग कपाटात असताना, खणखणीत आवाजात सुरू झाले. ताईने तीन कपाटे उघडली. चौथे माझे होते. घड्याळ मिनिटाला बरोबर होते. मी सेल काढून वेगळा ठेवला.

मंगळवारी भाऊजींनी मला वर्कशॉप दाखवायला नेले. स्टोअरच्या खिडकीवर इंग्रजी, अरबी आणि हिंदीत पाटी होती: लेखी चिठ्ठीशिवाय माल मिळणार नाही. खाली होल्डन यांची सही. फोनवरून मागितलेला माल इब्राहिमभाई देत नाहीत, मग मागणारा कोणीही असो. एकदा खुद्द होल्डन यांनी फोनवर पॅकिंगच्या दोन चकत्या मागितल्या, तेव्हाही दिल्या नव्हत्या, असे भाऊजी अभिमानाने म्हणाले. ही गोष्ट इब्राहिमभाई ईदच्या फोनवर युनूसलाही सांगतात, टेपरेकॉर्डरनंतर लगेच.

चहाच्या वेळी मी वही काढून पाच ब्रिटिश कर्मचाऱ्यांना पोटनिवडणुकीबद्दल विचारले. पाचांपैकी कोणाचाही हा मतदारसंघ नव्हता, पण मते सर्वांना होती. एक म्हणाला, आपला पक्ष हरणार, हरायलाच हवा, आणि आपण तिथे असतो तर मत त्यालाच दिले असते. दुसऱ्याच्या मते लोक मजूर पक्षाला जवळ करत नव्हते, फक्त सरकारला घाबरवत होते. कंपनीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई लिबरल, कारण दोन्ही बाजूंना सारखाच त्रास होईल. चौथ्याचे घर घेतलेल्या किमतीपेक्षा स्वस्त झाले होते, तो पक्षांबद्दल काही बोलायलाच तयार नव्हता. पाचव्याने विचारले, कोणती पोटनिवडणूक? सगळ्यांच्या बोलण्यात एक विषय मात्र आला, तो वाढलेल्या कराचा. पाचही जण बहारीनमध्ये राहत होते, जिथे आयकर नाही.

होल्डन या चर्चेत नव्हते. ते बुधवारी बोलले. त्या दिवशी त्यांना बहिणीचे पत्र आले. आईच्या बंद घराचे गॅसचे शेवटचे बिल तिने सोबत जोडले होते, सरकारने घरगुती गॅसवर नव्याने लावलेल्या करासह. होल्डन यांनी बिल वाचले, घडी घातली, स्टोअरच्या खिडकीशी गेले आणि इब्राहिमभाईंना म्हणाले की या वेळी मत मजूर पक्षाला द्यायचे आहे. भावाला फोन करून सांग. त्यांच्या वडिलांनी आणि त्यांनी आजवर कधीही मजूर पक्षाला मत दिले नव्हते. "एकदाच," ते म्हणाले.

इब्राहिमभाईंनी ऑफिसातूनच युनूसला फोन लावला. मी आणि भाऊजी तिथे होतो. त्यांनी निरोप दोनदा सांगितला, सावकाश. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला होता. भावाला आता मनाविरुद्ध काही करायचे नव्हते. साहेबांचे आणि त्याचे मत एकच झाले होते. युनूस काय म्हणाला, असे भाऊजींनी विचारले.

"बरं म्हणाला."

"खूश झाला असेल."

इब्राहिमभाईंनी थोडा विचार केला. "नाय. नुसतं बरं म्हणाला."

हमद टाउन

मतदानाच्या गुरुवारी अर्धा दिवस काम. कंपनीचा ड्रायव्हर जासिम याने भाऊजींना, इब्राहिमभाईंना आणि मला घरी जेवायला बोलावले होते. तो हमद टाउनला राहतो. सरकारने आखून बांधलेले हे गाव. सारखी घरे, सारख्या भिंती आणि एकामागून एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक. पत्ता म्हणजे राउंडअबाउटचा आकडा. भाऊजींना यायला उशीर होणार होता म्हणून मी बसने एकटा गेलो आणि एक आकडा आधी उतरलो. पुढचा राउंडअबाउट समोर दिसत होता. मे महिन्यात दुपारी एक वाजता तो जेवढा जवळ दिसतो तेवढा नसतो. एका किराणावाल्याने मला सावलीत उभे केले, पाणी पाजले आणि जासिमच्या घरी फोन केला. तो केरळचा होता. मी काही विकत घ्यावे अशी त्याने अपेक्षा केली नाही, म्हणून मी बिस्किटांचे तीन पुडे घेतले.

जासिमकडे चटईवर मोठ्या परातीत मच्छबूस आले. मसाल्याचा भात, वर अख्खा मासा, काळ्या सुक्या लिंबाचा वास. यजमान आपल्या हाताने माशाचा चांगला तुकडा तोडून पाहुण्यापुढे सरकवतो. आपल्याकडे आग्रह तोंडाने करतात. इथे हाताने, त्यामुळे नको म्हणायला वेळ मिळत नाही.

इब्राहिमभाई जेवत होते आणि भिंतीवरच्या घड्याळातून दोन तास वजा करत होते. "आता तिकडं बारा," ते म्हणाले. "त्याची पहिली पाळी सुटली." जासिमला सगळे सांगावे लागले. त्याने नीट ऐकले. त्याच्या वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी एकदा मत दिले होते, असे तो म्हणाला. त्या दिवशी त्यांनी कोणते कपडे घातले होते ते आई अजून सांगते. त्यानंतर बहारीनमध्ये निवडणूक झालेली नव्हती. इब्राहिमभाईंचे नाव गावच्या मतदारयादीतून केव्हाच कमी झाले होते. भाऊजींचेही. माझे यादीत होते, पण गेल्या वेळी मी निकालाच्या पानाची तयारी करत ऑफिसात बसलो होतो. त्या परातीभोवती आम्ही चौघे होतो आणि त्या दुपारी एका मताबद्दल इतके बोलणारे चार लोक त्या मतदारसंघातही नसावेत.

पुन्हा उम्म अल हस्सम

शुक्रवारी सकाळी लंडनच्या रेडिओने निकाल सांगितला. मजूर पक्ष मोठ्या फरकाने जिंकला. हुजूर पक्ष तिसरा. नऊ वाजता होल्डन यांचा भाऊजींना फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा पक्ष बदलला आणि जिंकलो, असे ते म्हणाले. भाऊजींच्या म्हणण्याप्रमाणे ते फोनवर हसत होते, आणि हे भाऊजींनी पूर्वी ऐकले नव्हते. अर्ध्या तासात त्यांच्याकडून एक मोठा केक आला.

अकरा वाजता इब्राहिमभाई आले. आमच्याकडचा फोन त्यांना हवा होता. ताईने फोनचे बटण दाबून आवाज सर्वांना ऐकू येईल असे केले. युनूस पत्रके, मतदान आणि मतमोजणी असे सगळे करून नुकताच घरी आला होता. त्याने आधी आईची तब्येत विचारली, मग पक्षाचा विजय सांगितला. इब्राहिमभाईंनी ते ऐकून घेतले.

"साहेबांचं मत दिलंस ना?"

"दिलं, भाई. हुजूर पक्षाला."

खोलीत केक कापायचे काम थांबले.

"मी बुधवारी फोन केला होता," इब्राहिमभाई म्हणाले.

"केला होतास. मला कळलंच की, का केलास." युनूसच्या आवाजात आनंद होता. "तू बघत होतास, हा डोकं चालवतो का. चिठ्ठीवर साहेबाची सही आहे. फोनवर तुझा आवाज. तूच सांगतोस ना, चिठ्ठीशिवाय एक नट देत नाय म्हणून? माझे लोक केंद्राच्या दारात उभे होते, भाई. माझ्या आयुष्यात मी त्या पक्षापुढं फुली मारली नव्हती. मारली. चिठ्ठीत लिहिलं होतं तिथंच मारली."

इब्राहिमभाई उभेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फोनकडे. फोन कापला गेला असे समजून युनूसने दोनदा भाई, भाई अशी हाक मारली.

"बरोबर केलंस," इब्राहिमभाई म्हणाले.

"आता टेपरेकॉर्डर मिटला?"

"मिटला."

फोन बंद झाल्यावर भाऊजींनी त्यांना समजावले की साहेबांना काही सांगायची गरज नाही. मत गुप्त असते. मजूर पक्ष तर जिंकलाच आहे, साहेब खूश आहेत, केक आला आहे. खलास. मीही तेच म्हणालो असतो. इब्राहिमभाईंनी केकला हात लावला नव्हता. चिठ्ठीवरचा माल एक आणि साहेबांना वाटते तो दुसराच, हे स्टोअरकीपरने नाही सांगायचे तर कोणी सांगायचे, एवढेच ते म्हणाले, आणि दुपारच्या नमाजाला गेले.

शनिवारी सकाळी मी मुद्दाम भाऊजींबरोबर वर्कशॉपला गेलो. हा भाग पाहिल्याशिवाय परतणे मला जमले नसते. इब्राहिमभाईंनी स्टोअरच्या खिडकीशीच होल्डन यांना सगळे सांगितले, इंग्रजीत, कोणतीही सबब न घालता. भावाला ती आपली परीक्षा वाटली आणि त्याचे कारण आपण, हेही सांगितले. होल्डन ऐकताना पाटीकडे पाहत होते.

"पहिली सूचना लेखी होती," ते म्हणाले.

"लेखी. तुमच्या सहीची."

"आणि बदल फोनवर."

"फोनवर."

होल्डन यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. "मग त्याचं काही चुकलं नाही. चूक आपल्या दोघांची." ते निघाले, चार पावलांवर थांबले. "विचार त्याला, स्टोअरमध्ये काम करतो का."

मग ते इंजिनाकडे गेले. आपल्याला वाटते तसे मत पडलेले नाही ही गोष्ट त्यांना नवी नसावी. त्यांच्या आईचा मला पहिल्या शुक्रवारपेक्षा जास्त आदर वाटू लागला होता.

रविवारी संध्याकाळी माझे विमान होते. दुपारी चार वाजता बॅग भरून झाली आणि इब्राहिमभाई आले. त्यांनी ताईसाठी खजूर आणला होता. माझ्यासाठीही एक डबा होता. बसले, चहा घेतला, ऊन किती आहे ते बोलले. उठताना म्हणाले, "पेपरवाले, घड्याळ द्या परत."

मी बॅग उघडली. कपडे बाहेर काढावे लागले, कारण खोके तळाशी होते.

"युनूस जुलैत गावी जातोय. इथं उतरेल दोन दिवस. तो नेईल."

मी खोके दिले, आणि वेगळा ठेवलेला सेलही दिला. मग राहवले नाही, म्हणून विचारले की आईंना हल्ली नीट ऐकू येते ना.

इब्राहिमभाई दारात चपला घालत होते.

"चिठ्ठी लावणार आहे," ते म्हणाले.